शेवटच्या बाकावरच्या सुलभाताई

सुलभाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी नुकती सातवीचा तास संपवून बाहेर पडले होते. उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या शाळेतले लालवानी सर रडवेल्या आवाजात म्हणाले, “ताई गेल्या, मॅडम... अब शनिवार का क्या करेंगे?” मला त्यांचा रागच आला. काय करणार म्हणजे? शनिवार होणारच.

दर शनिवारी शाळा सुटली की आम्ही दहाबारा शिक्षक बदलापूरला आमच्या शाळेत जमायचो. जात, धर्म, मुलींची छेडछाड... वर्गात ज्यावर बोलायला आमची जीभ रेटत नसे, त्याची ताई आमच्याकडून तालीम करून घेत. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, पण खडूला हात लावत नसत. एकाने शिक्षक व्हायचं, बाकीच्यांनी मुलं. ताई शेवटच्या बाकावर, वर्गातलं सर्वांत अवघडलेलं मूल होऊन.

माझी पाळी आली तेव्हा विषय माझ्याच शाळेचा होता. खिचडीच्या वेळी डोंगरातल्या वाडीवरच्या मुलांची पंगत आपोआप वेगळी पडायची. ताई वाडीवरची मुलगी झाल्या. मी फार मायेने म्हटलं, ऊठ बाळा, तुला काय वाटतं ते सगळ्यांना सांग. ताई उठल्याच नाहीत. मान खाली घालून बसून राहिल्या... मग म्हणाल्या, “मला का उभी करता, बाई? पंगत मी वेगळी मांडली का?”

सोमवारी सातवीत मी वाडीवरच्या कुणालाच उभं केलं नाही. बाकीच्यांना विचारलं, तुम्ही पंगतीत लांब सरकून का बसता? वर्गात नुसती खडाजंगी. दुसऱ्या दिवशी काही पालक तणतणत आले, पोरांच्या डोक्यात हे काय भरवता म्हणून. ताई न बोलावता हजर. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, हा विषय बाईंनी आणलेला नाही, तो रोज तुमच्या मुलांच्या ताटाशी बसतो. पंगत काही लगेच एक झाली नाही. पण सरकताना मुलं आता कचरतात, एकमेकांकडे बघतात.

शोकसभेनंतर आमची शाळा चालवणाऱ्या संस्थेतल्या एकांनी मला बाजूला घेऊन सुचवलं, ताईंबरोबर हे शनिवारचंही थांबवू, शाळेत शांतता राहील. कसली शांतता? मान खाली घालून बसलेल्या पोरीची? ती मला नको, आणि तसं मी त्यांना तोंडावर सांगितलं.

परवाच्या शनिवारी आम्ही वर्ग उघडला. शेवटचा बाक सगळ्यांनी रिकामा सोडला होता, कुणी त्यावर हारही ठेवला होता. ताईंना हार मुळीच आवडत नसत. मी तो उचलून खिडकीत ठेवला आणि त्या बाकावर बसले. शिक्षक व्हायची पाळी लालवानी सरांची होती. त्यांनी पंगतीचाच विषय घेतला आणि फार मायेने मला म्हणाले, “ऊठ बेटा, तुला काय वाटतं ते सांग.”

मी उठले नाही.