पाइनेमचा हातगुण

पाइनेम पाठीवर काढ्यांच्या बाटल्यांची टोपली बांधून निघाली की अख्खी गल्ली पेले घेऊन दारात यायची. आधी कडू, मग तोंड गोड करायला तांदळाचं गोड पाणी. मुतखड्यावर तर तिचा मांजरमिशीच्या पानांचा काढा म्हणजे रामबाण! "बाईला हातगुण आहे," असं सगळे म्हणत. आमच्या जावा बेटावर औषधापेक्षा देणाऱ्या हातालाच मान.

आणि नेमका तिचा नवरा, सामिजान, सुजू लागला. आधी पाय, मग चेहरा. पाइनेमने त्याला मांजरमिशीचा काढा तांब्या-तांब्याने पाजला. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मूत्रपिंडं निकामी झालीत, रक्त यंत्राने धुवायला हवं. पाणी मोजून द्या, काढा बंद. पाइनेम ऐकतेय कसली! तिने मनाशी धरलं, काढा खराच आहे, आपला हातच ह्यांना लाभत नाही.

म्हणून ती गिनाच्या दारात गेली. गिना दुसरी काढेवाली. बाजारातल्या जागेवरून दोघींचं वाजलेलं, तेव्हापासून बोलणं बंद. पाइनेम मानी बाई, पण गेली.

"गिनाताई, तुझ्या हाताने पाज गं त्यांना. पाया पडते तुझ्या."

"आज बरी आठवण झाली माझी!" गिना फणकारली. पण आली.

तिने सामिजानच्या पायावर अंगठा दाबला. पडलेला खळगा भरेचना.

"लघवी होते का त्यांना?"

"थेंबभर."

"मग एवढं पाणी जाणार कुठे, बये? छातीत! माझा बाप असाच धाप लागून गेला. माझा हात काय नि तुझा काय! ऊठ, इस्पितळात ने. तुझी गिऱ्हाइकं मी बघते."

पाइनेमने काढ्याचा तांब्या दूर सारला. "म्हणजे मीच पाजून पाजून..." सामिजानने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

आता त्याचं रक्त यंत्रावर धुतात. घरी पाणी मोजून. दुपारी तो काकुळतीला येतो, "अगं, एक घोट दे. जगाला पोटभर पाजतेस, मीच काय घोडं मारलंय?"

"नाही मिळायचं," ती म्हणते आणि तोंड फिरवून रडते.

आपल्या माणसासाठी उपास धरायची इथे रीतच आहे. तो जेवढं पाणी पितो तेवढंच तीही पिते, आणि तेवढ्यावर टोपली पाठीला बांधून उन्हात निघते.