स्लॅबखालची विहीर

लिहिण्याचा मला सराव नाही. चौतीस वर्षे पाणीपुरवठ्याची इस्टिमेटे आणि कामांची मोजमापे लिहिली, त्यापलीकडे काही नाही. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी वाचकांचा वेळ घेण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. जे घडले त्यात माझा वाटा मोठा होता. ते दुसऱ्या कोणी लिहावे, असे म्हणणे मला बरे वाटले नाही.

मार्चमधली सकाळ होती. वर्धा जिल्ह्यातल्या गिरड गावाच्या पुढे असलेल्या एका चाळीस घरांच्या वस्तीत मी इव्हॅल्युएशनचा फॉर्म घेऊन उभी होते. प्रोजेक्ट संपून तीन वर्षे झाल्यावर तो टिकला आहे की नाही, हे पाहण्याचे काम म्हणजे इव्हॅल्युएशन. समोरचा सोलर पंप बंद होता.

"कधीपासून बंद आहे?" मी विचारले.

"अकरा महिने झाले असतीन," रामजी उईके म्हणाले. सत्तरी गाठलेले रामजी तिथल्या पाणी समितीचे अध्यक्ष होते.

"पॅनेल मात्र स्वच्छ आहेत."

"रोज पुसतो, मॅडम. सूर्याले तरी वाटाव का आपला पंप अजून चालू हाये मनून."

बाजूला बसलेल्या बायका हसल्या. मलाही हसू आले आणि लगेच ओशाळल्यासारखे झाले.

थोडे मागचे सांगणे आवश्यक आहे. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन मी पिपरी मेघेला स्थायिक झाले, तेव्हा वर्ध्यातील एका संस्थेने मला कन्सल्टंट म्हणून घेतले. निधी युरोपातील एका डोनरचा होता, म्हणजे परदेशी देणगीदार संस्थेचा. वस्तीत बोअरवेल, सोलर पंप आणि टाकी बसवायची होती. पॅनेल आणि मोटर यांच्यामध्ये कंट्रोलर नावाचा एक डबा असतो. ऊन कमी-जास्त होईल तशी मोटरला वीज पुरवणे हे त्याचे काम. आमचा कंट्रोलर परदेशातून आला होता आणि त्यावर कंपनीचे सील होते.

वस्तीची स्वतःची एक जुनी विहीरही होती. दर उन्हाळ्यात अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी प्रत्येक घरातून एक माणूस येई. दोन दिवस विहीर उपसत, गाळ काढत, कपारी साफ करत आणि तिसऱ्या दिवशी सगळे मिळून तिथेच जेवत. खाली कोणी उतरायचे ते रामजी ठरवत. त्यासाठी कोणाला बोलवावे लागत नसे, की कोणाची परवानगी लागत नसे.

डोनरच्या गाइडलाइनमध्ये उघडा स्रोत असुरक्षित मानला होता. नवी योजना सुरू झाली की जुनी विहीर काँक्रीटच्या स्लॅबने बंद करायची, अशी अट होती. एका वस्तीला दोन स्रोत असलेले बरे, हे कोणत्याही ज्युनियर इंजिनियरला कळते. मीटिंगमध्ये मी ते एकदा हळू आवाजात बोलले. कोणी ऐकले नाही, आणि मी पुन्हा बोलले नाही. स्लॅबचे ड्रॉइंग मीच केले. त्यात झाकणापुरतीही जागा ठेवली नाही.

योजना गावाच्या ताब्यात देताना सर्वांसमोर भाषण करण्याची वेळ माझ्यावर आली. मला बोलता येत नाही, म्हणून कागदावरचे वाचून दाखवले. "काही बिघडले तर बोर्डावरच्या नंबरवर कळवा. कोणत्याही वस्तूला स्वतः हात लावू नका." सगळ्यांनी माना डोलावल्या.

रामजींनी रजिस्टर आणले. कंट्रोलर बिघडून पंप बंद पडला, त्या दिवसापासून बोर्डावरच्या नंबरवर फोन केल्याच्या नोंदी त्यात होत्या. तो नंबर प्रोजेक्ट ऑफिसचा होता, आणि प्रोजेक्ट संपताच ते ऑफिस बंद झाले होते. माझा नंबर मी कोणालाच दिला नव्हता.

"मेकॅनिक कोणी पाहिला नाही?"

"हिंगणघाटचा आनला होता. तो मने डबा काढून फेकतो, साधी मोटर बसवून देतो. आमीच परत पाठवला त्याले. सील तोडाले आमची हिंमत नाई झाली."

"मग पाणी कुठून आणता?"

"नाल्यातल्या झिऱ्यावरून."

झिरा म्हणजे नाल्याच्या वाळूत उकरलेला खड्डा. तो वस्तीपासून बराच खाली होता.

"रामजी, विहीर इथे पन्नास पावलांवर आहे. स्लॅब फोडायला एक पहार पुरली असती. तुम्ही फोडला का नाही?"

त्यांना प्रश्नच विचित्र वाटला असावा.

"तुमीच तं सांगतलं होतं, मॅडम, हात नोका लावजा मनून. एवढं बांधून देल्लं लोकायनं. त्यायचं आपुन कसं फोडाव?"

मागून एक तरुण बाई पाण्याची कळशी घेऊन आली. ती रामजींची सून, वंदना. ती घरात गेल्यावर रामजी खालच्या आवाजात म्हणाले, "पौषात घसरली ते नाल्याच्या चढावर. सातवा महिना होता. लेकरू नाई वाचलं."

बोलताना त्यांनी आवाजात कोणताही आरोप येऊ दिला नाही. आला असता तर मला सोपे गेले असते.

मी बाजूला जाऊन संस्थेच्या डायरेक्टर सरांना फोन लावला.

"सर, पंप बंद आहे. विहिरीवरचा स्लॅब काढायला हवा. उन्हाळा आलाय."

"स्लॅब डोनरचा ॲसेट आहे, मॅडम. लेखी परवानगी लागेल. मी मेल टाकतो."

"किती दिवस लागतील?"

"दोन महिने धरा. पॅनेल, कुंपण सगळं शाबूत आहे ना?"

"आहे."

"कमिटी, रजिस्टर?"

"तेही आहे."

"मग रेटिंग चांगलंच येईल. पंपाचं मेंटेनन्स इश्यू म्हणून लिहा."

फॉर्म पाहिला तर त्यांचे खरे होते. वस्तूंची निगा, समिती, नोंदी या सगळ्यांना पूर्ण गुण द्यावे लागत होते. पाणी रोज मिळते का, एवढाच एक रकाना रिकामा राहत होता.

मी परत येऊन म्हणाले, "स्लॅब फोडा."

कोणी उठले नाही. रामजींनी संकोचून रजिस्टर पुढे केले. "लिहून द्या, मॅडम. मंग कोनी काही मनाले नको."

'विहिरीवरील स्लॅब माझ्या जबाबदारीवर काढण्यास सांगितले आहे,' असे लिहून मी सही केली. वंदना दारात उभी राहून पाहत होती.

"एवढ्या चिठ्ठीचंच काम होतं काय, मॅडम?" तिने विचारले, आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता आत गेली.

दुसऱ्या दिवशी स्लॅब फुटला. आतले पाणी कुजले होते. चार दिवस उपसल्यावर झरा लागला. खाली उतरणाऱ्या जुन्या माणसांपैकी आता एकच उरला होता. बाकीच्यांना रामजींनी काठावर बसून शिकवले. पाण्याची तपासणी मी केली आणि नियमित क्लोरीन टाकण्यास सांगितले. मेच्या अखेरीपर्यंत पाणी पुरले.

डोनरची परवानगी अद्याप आलेली नाही. वस्तीकडून मालमत्तेचे नुकसान झाले, असा शेरा अंतिम रिपोर्टमध्ये आहे, आणि संस्थेने मला त्यानंतर काम दिलेले नाही. नवा कंट्रोलरही आलेला नाही.

मदत वाईट होती, असे मी म्हणत नाही. दोन वर्षे त्या टाकीतून चांगले पाणी आले. पण स्वतःची विहीर उपसणाऱ्या माणसांना आम्ही तीच विहीर उघडण्यासाठी सही मागायला शिकवले, आणि ते शिकवणारे वाक्य मी वाचून दाखवले होते. धडा एवढाच की देताना काय बंद करतो आहोत, तेही मोजमापात धरावे. वंदनाला हा धडा सांगण्यासारखा नाही, हे मला कळते.

तुमच्या गावातही कोणीतरी काही बांधून दिले असेल. ते उद्या बंद पडले, तर त्याला हात लावण्याआधी तुम्ही कोणाला विचाराल?