नेटवर्क गेलं नव्हतं

दापोलीच्या खाली, समुद्राला लागून असलेल्या एका गावात मी प्राथमिक शाळेत शिकवते. पट एकोणीस. बहुतेकांचे वडील होडीवर. शाळेला मोठा टीव्ही मिळाला, वर कॅमेरा बसवला आणि आदेश आला की महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉल करून मुलांना बाहेरच्या जगाशी जोडायचं. मला आनंदच झाला होता, हे कबूल करते.

पहिल्याच कॉलला समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एक मॅडम येणार होत्या. मी मुलांना म्हटलं, प्रत्येकाने एक प्रश्न काढा. चौथीतली एक मुलगी दुसऱ्या दिवशी वहीच्या पानावर प्रश्न लिहून घेऊन आली. तिचे वडील तांडेल, म्हणजे होडी त्यांच्या हुकमावर चालते. तिने वाचून दाखवलं, "माझा बापूस बोलतो, आधी म्हावरा जवल भेटायचा. आता दोन-दोन दिस लांब जावा लागतं. असा का झाला?"

मी काय केलं? "प्रश्न छान आहे, पण शुद्ध भाषेत लिही," म्हटलं. म्हावऱ्याचे मासे केले, बापसाचे वडील केले. चार दिवस तिच्याकडून घोकून घेतलं.

कॉलच्या आदल्या दिवशी केंद्रप्रमुख आले. त्यांनी प्रश्नांची यादी वाचली आणि तिच्या प्रश्नावर काट मारली.

"बाई, हे कशाला? उद्या वरचे लोक बघणार आहेत. मासे कमी झाले, पोट भरत नाही, असली रडगाणी नकोत."

"साहेब, यात रडगाणं कुठे आहे? तिला कारण हवंय."

"समुद्राचं पाणी खारट का असतं, हे विचारू द्या तिला."

मी मान डोलावली आणि तिला तो नवा प्रश्न लिहून दिला. त्याचा राग मला आजही येतो.

दुसऱ्या दिवशी साहेबही आले आणि कॉल लागला. मॅडम हसऱ्या होत्या. मुलं एकेक करून उठली, पाठ केलेले प्रश्न विचारून खाली बसली. हिची पाळी आली. कॅमेऱ्यासमोर उभी राहून तिने खारट पाण्याचं विचारलं. उत्तर मिळालं. ती बसली नाही. एक श्वास घेतला आणि तिचा मूळचा प्रश्न विचारायला लागली, तिच्या स्वतःच्या भाषेत, मी सुधारलेलं सगळं सोडून.

साहेबांनी हातातल्या रिमोटने दोन्हीकडचा आवाज बंद केला.

तिला ते कळलं नाही. ती बोलतच राहिली. पडद्यावर मॅडम कानाला हात लावून सांगत होत्या की ऐकू येत नाही. मग साहेबांनी कॉलच बंद केला. साहेब मुलांकडे वळून म्हणाले, "नेटवर्क गेलं रे. आपल्याकडचा हा त्रासच आहे."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. रिमोट सगळ्यांनी पाहिला होता. मुलांसमोर साहेबांना काही बोलायचं नसतं, हे एकवीस वर्षांच्या नोकरीत अंगवळणी पडलं होतं. तरी मी म्हणाले, "नेटवर्क गेलं नव्हतं. साहेबांनी बंद केलं. साहेब, मुलांशी खोटं बोलू नका."

संध्याकाळी शिक्षकांच्या ग्रुपवर फोटो आला. ती मुलगी कॅमेऱ्यासमोर उभी, तोंड उघडं. खाली ओळ होती : विद्यार्थिनी तज्ज्ञांशी संवाद साधताना. मी फोन पलंगावर फेकला. दोन दिवसांनी माझ्याकडे लेखी खुलासा मागितला गेला. जे घडलं ते मी अर्ध्या पानात लिहून दिलं.

मॅडमचा नंबर कॉलच्या निरोपात होता. मी फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "शनिवारी शाळा सुटल्यावर लावा. तिच्या वडिलांनाही बोलवा."

शनिवारी माझा मोबाईल टेबलावर पुस्तकांना टेकवून ठेवला. मुलीने प्रश्न विचारला. मॅडमनी पाणी तापतंय ते सांगितलं, बारीक आसाच्या, म्हणजे पिल्लंही अडकतील इतक्या लहान भोकांच्या जाळ्यांबद्दल सांगितलं, आणि मग म्हणाल्या, "तुमच्या भागातलं मला नक्की माहीत नाही. तुम्हीच सांगा, किती खोल पाण्यात जाता?" तांडेल आधी लाजले. मग पाऊण तास बोलत होते आणि मॅडम लिहून घेत होत्या. जिथे मॅडमना शब्द कळत नव्हता, तिथे ती मुलगी समजावून सांगत होती. वडिलांच्या खांद्याला रेलून, अगदी सहज.

जाताना वडील मला म्हणाले, "बाई, आमाला कोन इचारत न्हाय हो."

माझ्या खुलाशावर अजून उत्तर आलेलं नाही. साहेब समोर आले की मी नमस्कार करते, करावाच लागतो. पण मला जास्त राग येतो तो त्या चार दिवसांचा. साहेबांनी तिचा आवाज मिनिटभर बंद केला. मी चार दिवस तिच्यासमोर बसून तेच करत होते, आणि वर शाबासकी देत होते.