चौदाला झोपणारा पार्ट

आधुनिक मोटार आपलं दुखणं स्वतःच सांगते, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात. स्कॅनर जोडायचा, कोड वाचायचा, पार्ट बदलायचा. त्या सोमवारी उमरग्याच्या आमच्या वर्कशॉपमध्ये टो होऊन आलेल्या गाडीला मी स्कॅनर जोडला, तर ती काहीच बोलेना. फ्यूज घातला की जळत होता. तिसरा जळाल्यावर मी थांबलो.

गाडी माने सरांची. ते राहतात उमरग्यात, शिकवतात सास्तूरच्या शाळेत. पाय लहानपणापासून अधू. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हातानं चालवता येतील अशी गाडी त्यांनी मुद्दाम करून घेतली होती. त्याआधी बारा वर्षं ते कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून शाळेला जात.

वायरिंग ठीक होतं. दोष ईसीयूत निघाला. ईसीयू म्हणजे इंजिनाचा कारभार बघणारा, डबीतला छोटा कॉम्प्युटर. आमच्या मॅनेजर साहेबांनी निकाल दिला: नवीन मागवा, तीन आठवडे लागतील. तोवर सरांना दुसरी गाडी द्यायचंही त्यांनी उदार मनानं कबूल केलं.

सर कुबड्या टेकून उभे होते. "ती चालवणार कोण, साहेब?" ते म्हणाले. "परत कुणाच्या मागं बसायचं न्हाय मला."

साहेब 'प्रोटोकॉल' हा शब्द दोनदा उच्चारून मीटिंगला गेले. वॉरंटी संपलेलीच होती. सरांना विचारून मी डबी उघडली. आत बोर्डावर एक काळा पार्ट फुटला होता. त्यावरचा नंबर जळून गेलेला. नंबर नाही म्हटल्यावर माझं ज्ञान तिथं संपलं.

बोर्ड घेऊन मी महानंदाताईंच्या दुकानात गेलो. त्या शेतातल्या सोलर पंपांचे कंट्रोलर दुरुस्त करतात. नंबर कसा शोधायचा, असं मी विचारलं. नंबर राहू द्या, आधी तो काय काम करत होता ते बघू, म्हणाल्या. मीटर लावला. पार्टचं एक टोक बॅटरीच्या लाइनला, दुसरं अर्थिंगला.

"हा काम करणारा न्हाय, राखण करणारा हाय," त्या म्हणाल्या.

त्याला टीव्हीएस डायोड म्हणतात. एरवी तो गप्प असतो. व्होल्टेज उसळलं की ते स्वतःवर घेऊन अर्थिंगला सोडतो. फारच झालं तर स्वतः जळून शॉर्ट होतो, मग फ्यूज जातो. सकाळी स्टार्ट कशावरून दिला, एवढंच त्यांनी मला सरांना फोनवर विचारायला लावलं. बॅटरी उतरली होती, एका भल्या ड्रायव्हरनं ट्रकच्या बॅटरीवरून केबल जोडून दिली, असं सर म्हणाले. आमच्या हायवेवर मदतीला पहिला ट्रकच थांबतो. कारची बॅटरी बारा व्होल्टची. ट्रकला चोवीस असतात, इंजिन चालू असलं तर अठ्ठावीसपर्यंत.

ताईंनी जळका पार्ट काढला. टेबलावरच्या सप्लायवर बोर्ड लगेच जिवंत झाला. मी हात पुढं केला, द्या, बसवतो. त्यांनी दिला नाही.

"राखण्या काढून शेत उघडं ठेवता व्हय?"

मग हिशेब सांगितला. गाडी चालू असताना लाइनवर साधारण चौदा व्होल्ट. तो जिची राखण करत होता, त्या मागच्या चिपवर नंबर शाबूत होता. ती चाळीसपर्यंत सोसते. "म्हंजी चौदाला हा झोपलेला पायजे, अन् चाळीसच्या आत जागा व्हायला पायजे."

भंगार बोर्डांच्या डब्यातून त्यांनी तेवढ्याच आकाराचे पार्ट काढले आणि एकेकाला व्होल्टेज चढवत तपासलं. दोन नापास केले. तिसरा सव्वीसला जागा झाला.

परत ट्रकची बॅटरी जोडली तर, मी विचारलं.

"जळंल की. पण एकटाच जळंल."

आम्ही नंबर वाचून पार्ट ओळखतो. त्या काम बघून ओळखतात. हा फरक ट्रेनिंगमध्ये कुणी सांगत नाही; सांगितला तर ट्रेनिंग लांबेल.

मंगळवारी सकाळी सर स्वतः गाडी चालवत सास्तूरला गेले. मी जॉब कार्ड बंद करायला बसलो. सिस्टिममध्ये ईसीयू 'बदलला' असा पर्याय होता, 'दुरुस्त केला' असा नव्हता. मी 'वॉशिंग' निवडलं. साहेबांनी सही केली.

गाडी धुतलेलीसुद्धा नव्हती.