फाटकापाशी बंद पडणारी गाडी

गेल्या महिन्यात एके सकाळी फोन वाजला तेव्हा मी पंख्याचा रेग्युलेटर उघडून बसलो होतो. म्हणजे बरा चालणारा पंखा बंद पाडायच्या उद्योगात होतो. पलीकडून तुळशीरामची मुलगी म्हणाली, "काका, बाबा गेले." आणि मी, पिकल्या केसांचा बावळट माणूस, विचारता झालो, "कुठं?" पोरगी रडता रडता थांबली आणि... चक्क हसली. तुळशीरामचा पाय घरात कधी ठरलाच नाही, त्यामुळे प्रश्न तसा सवयीचाच होता.

पन्नासचं दशक सरता सरता आम्ही दोघांनी भागीत एक पिकअप घेतली. लष्कराच्या लिलावातली. अमरावतीहून संत्री अकोल्याला न्यायची आणि अकोल्याच्या जुन्या शहरातून गुरांसाठी सरकी-ढेप भरून परतायचं. तुळशीराम गाडी चालवायचा आणि मी ती दुरुस्त करायचो; निदान माझी तशी समजूत होती. पान्यांचा एक डबा आणि अर्धं वाचलेलं इंग्रजी मॅन्युअल एवढ्या भांडवलावर तुळशीराम मला 'इंजिनेर' म्हणायचा. त्यातला टोमणा मला फार उशिरा कळला.

गाडीचा रोग असा, की पळताना झकास. पण थांबली की दोन-तीन उचक्या द्यायची आणि गप्प. कधी बडनेऱ्याला, कधी भर बाजारात, पण सगळ्यात जास्त मूर्तिजापूरच्या अलीकडच्या रेल्वे फाटकापाशी. आगगाडी निघून जायची, फाटक उघडायचं, मागच्या बैलगाड्या आम्हाला वळसा घालून जायच्या आणि एखादा गाडीवान हमखास विचारायचा, बैल जोडून देऊ का म्हणून. मी प्लग बदलले. कार्बोरेटर इतक्यांदा उघडला, की त्याचे स्क्रू आपोआप निघू लागले. मग पेट्रोल फडक्यातून गाळून घेतलं. एकदा इंजिनाचा वेग एवढा वाढवून ठेवला, की उभी गाडी थरथरायला लागली आणि शेजारची म्हैस दावं तोडून पळाली. शेवटी अमरावतीच्या मिस्त्रीकडे नेली, तर तिथं ती शहाण्या सुनेसारखी गुरगुरत उभी! मिस्त्री म्हणाला, "गाडीले काही नाही भाऊ. तुमची तब्येत कशी हाय?"

थांबल्यावर इंजिन हळू फिरतं, तेव्हा त्याला पेट्रोल आणि हवा नेमक्या मापात लागते, एवढं मॅन्युअलमध्ये होतं. माप चुकत होतं हे माझं निदानही बरोबर होतं. पण ते चुकवणारा माझ्याच शेजारी बसतो, हे मॅन्युअलमध्ये नव्हतं.

त्या फाटकावर किसनमामा गेटमन होते, आणि त्यांची मुलगी सुमन. गाडी बंद पडली की मी बॉनेटमध्ये डोकं घालायचो आणि तुळशीराम रेडिएटरसाठी पाणी आणायला मामांच्या घराकडे जायचा. एका रेडिएटरला इतकं पाणी लागत नसतं, हे तुम्हाला वाचताक्षणी कळलं असेल. मला नाही कळलं.

अखेर मी वैतागलो. अकोल्यात गिऱ्हाईक ठरवलं आणि गाडी विकायला म्हणूनच निघालो. तुळशीरामने गाडी वाटभर बैलगाडीच्या चालीने हाकली. सुमनला पाहायला चांदूर रेल्वेहून पाहुणे येणार होते, हे त्याला ठाऊक होतं. गाडी गेली की फाटकापाशी थांबायचं निमित्तच जाणार होतं, आणि मामांसमोर तोंड उघडायची त्याची छाती नव्हती. अख्ख्या बाजाराशी हुज्जत घालणारा गडी त्या एका माणसापुढे मुका व्हायचा.

फाटक लागलेलं होतं. दोन उचक्या, आणि गाडी गप्प. मी खाली उतरून मामांना सांगितलं, की हा शेवटचाच त्रास, आज विकून टाकतो. घराच्या दारात उभ्या असलेल्या सुमनने ते ऐकलं. ती तरातरा आली, गाडीच्या पायरीवर चढली आणि खिडकीतून आत हात घातला. त्या काळचा वायपर इंजिन हवा ओढतं त्या ओढीवर चालायचा. त्यासाठी काचेच्या वर एक रबरी नळी असायची. ती निसटून लोंबत होती. सुमनने ती नीट दाबून बसवली.

"आता मारा हँडल, भाऊ."

मी मारलं. इंजिन सुरू झालं आणि सुरूच राहिलं.

"इकू नका गाडी," ती म्हणाली. "फाटक दिसलं का तुमचा दोस्त हे नळी उपसते. मी कवापासून पाहून राहिली."

उघड्या नळीतून नको ती हवा आत जायची. वेगात इंजिनाला त्याचं काही वाटत नसे, हळू झालं की गुदमरायचं. निघायच्या वेळी तुळशीराम नळी गुपचूप परत बसवायचा. इतकं साधं! बाकीच्या ठिकाणी गाडी बंद पडायची ती केवळ मला संशय येऊ नये म्हणून. त्याने उगाच तसदी घेतली, मला आला नसताच.

किसनमामांनी झेंडी काखेत धरली आणि तुळशीरामकडे पाहिलं. "आमी गाडी येते म्हणून फाटक लावतो. हा मानूस फाटक येते म्हणून गाडी बंद पाडते." तुळशीरामचे कान लाल झाले होते. त्याच्या तोंडून कसंबसं निघालं, "मामा... त्या पाहुण्याइले येऊ देऊ नका."

मामा लेकीकडे वळले. "अन् तुयं काय वं?"

"नळी कोनं लावली मंग?" सुमन म्हणाली.

पंचशील घेऊन, एकमेकांना हार घालून दोघांचं लग्न लागलं. नवरीला आम्ही त्याच पिकअपमधून आणलं. गाडी वाटेत कुठंही बंद पडली नाही. बॉनेट मात्र मी दोनदा उघडून पाहिलं.

पुढे पिकअप गेली, दुसऱ्या गाड्या आल्या. पण तुळशीरामने दारात आलेली गाडी स्वतः कधी बंद केली नाही. ती तशीच धडधडत ठेवून तो आत बसून राहायचा. मग सुमनवहिनी पेट्रोलच्या नावाने बडबडत बाहेर यायच्या, खिडकीतून हात घालून किल्ली फिरवायच्या, आणि तेव्हा कुठे महाराज खाली उतरायचे. गल्लीतल्या लोकांनी हा सोहळा वर्षानुवर्षं पाहिला.

गेल्या आठवड्यात भाच्याच्या गाडीने वहिनींना भेटायला अकोल्याला गेलो. दारात पोचल्यावर तो किल्लीला हात घालत होता, मी म्हटलं, राहू दे. गाडी धडधडत राहिली... आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. वहिनी पदराला हात पुसत आल्या. पेट्रोलचं नावही न काढता त्यांनी खिडकीतून हात आत घातला आणि किल्ली फिरवली. मग मान वर करून आत कोण बसलंय ते पाहिलं, आणि हसल्या.