कोपराची गुदगुली

स्वतः जन्मात एकही खेळ न खेळता दुसऱ्यांना मैदानात उतरवणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात माझ्या धाकट्या दिरांखेरीज सापडायचा नाही. नाचणगावला त्यांचं साड्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक साडी बघायचं आणि भाऊजी बघायचे गिऱ्हाइकाचं कोपर. ते कसं वळतं, कुठे अडतं! "आजी, तुमचा हात बॉलिंगच्या कामाचा आहे बरं," असं त्यांनी लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या नवरीच्या आजीला सांगितलं होतं. आजी खूश झाल्या, पण बस्ता समोरच्या दुकानात बांधला गेला.

खेळ शिकणाऱ्याला त्याची चूक सांगून उपयोग नाही, ती त्याला जाणवली पाहिजे, असं त्यांचं ठाम मत. "सांगतलेलं कानातून निंघून जाते वहिनी. अंगाले समजलेलं जात नाई." त्यासाठी मोडक्या मोबाइलमधले थरथरणारे भाग जमवून ते कसली कसली यंत्रं बनवायचे आणि दिसेल त्याच्या गुडघ्याला नाहीतर कमरेला बांधायचे. एका लग्नाच्या पंगतीत वाढणाऱ्या पुतण्याच्या कमरेलाही बांधलं. तो चुकीचा वाकला, यंत्र थरथरलं आणि मठ्ठा थेट व्याह्यांच्या मांडीवर! जाऊबाईंनी पुढे कितीतरी दिवस घरातला स्क्रू-ड्रायव्हर लपवून ठेवला होता.

मग त्यांच्या तावडीत सापडले मी. पिपरी मेघेला आमच्या ले-आउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, बायकांचं बॅडमिंटन सुरू झालं. शाळेत खेळाच्या तासाला मी कायम सगळ्यांच्या चपला राखत बसायची. पन्नाशीत का होईना, एकदा खेळायचंच, असं मी मनाशी ठरवलं होतं. पण माझ्या सर्व्हिसचं फूल काही जाळ्यापलीकडे जाईना. सव्वीस जानेवारीचे सामने जवळ आले आणि माझ्या जोडीदारीण, शेजारच्या मास्तरीणबाई, दुसरी कुणी मिळते का ते बघताहेत असं कानावर आलं. मला खरंच रडू आलं. म्हणजे पुन्हा चपलाच राखायच्या!

हे कळताच भाऊजी दुकान जाऊबाईंवर टाकून हजर. आधी त्यांनी रॅकेटला दिवा लावला, कोपर फाकलं की लाल होणारा. मी दिव्याकडेच बघत बसायची आणि फूल पायाशी पडायचं. मग शिट्टी लावली. ती वाजली की समोरच्या काकू कुकर झाला समजून आत धावायच्या. शेवटी कोपराला बांधायचा पट्टा आला. दुकानातल्या हिरव्या जरीकाठाच्या तुकड्याचा, आतून यंत्र शिवलेला. कोपर अंगापासून दूर गेलं की तिथे अशी गुदगुली व्हायची की मी खाली बसून हसायची. "हासू नोका वहिनी, शिकून राह्यल्या तुमी!" भाऊजी ओरडायचे. आणि मी खरंच शिकत होते. फूल पलीकडे जाऊ लागलं. मैत्रिणींना तर पट्टा इतका आवडला की त्यांनी तसेच मागवले, फक्त यंत्र नको म्हणाल्या. भाऊजींना ते फार लागलं.

सामन्याच्या सकाळी मी मैदानात शिरणार, तोच त्यांनी माझ्या हाताचा पट्टा सोडला.

"भाऊजी, आजच काऊन काढता?"

"मशीन शिकाले होती वहिनी, खेळाले नाई. तिले आता सुटी."

मला असा राग आला! भाऊजी मात्र पट्टा खिशात घालून कडेच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर शांत बसले. पहिलं फूल जाळ्यात गेलं. मास्तरीणबाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असा सुस्कारा सोडला. पुन्हा माझी पाळी आली, मी हात मागे नेला आणि रिकाम्या कोपराला गुदगुली झाली. अगदी खरी. कोपर आपोआप आत आलं आणि फूल अलगद पलीकडे उतरलं. सामना आम्ही हरलो, पण मास्तरीणबाई घाम पुसत म्हणाल्या, "पुढच्या सालीबी आपलीच जोडी बरं काय!" त्या दिवशी माझ्याइतकं सुखी ले-आउटमध्ये कुणी नव्हतं.

आता भाऊजी पुण्याला मुलाकडे असतात. तिथे त्यांना कुणी आपलं कोपर हातात देत नाही म्हणे. मैदानाच्या कडेची खुर्ची बघितली की मला त्यांची फार आठवण येते. परवा फोनवर मी सांगितलं, "भाऊजी, कोपर चुकलं की मले अजून गुदगुली होते."

पलीकडून भाऊजी म्हणाले, "मंग खेळत राहा वहिनी. म्हंजे मी अजून तिथंच बसून हाव."