बंबाच्या झाकणाची लढाई

माझ्या कॉलेजच्या पहिल्या वर्षात मी अभ्यास कमी आणि आईची पाठराखण जास्त केली. कारण होतं आमचा पितळी झाकणाचा तांब्याचा बंब. तो बाबांच्या आईचा. घरात गॅस आल्यापासून मोरीच्या कोपऱ्यात नुसता उभा असायचा. पंचवटीतल्या आमच्या गल्लीत तेव्हा झाडून सगळ्या बायका जुनं तांबं-पितळ मोडीत घालून स्टीलची भांडी आणत होत्या. बाबा ऑफिसच्या कामाने मालेगावला गेलेले बघून आईने बंब टांग्यात घातला आणि येताना चकचकीत डबे घेऊन आली. डबे माहेरून आले, असं सांगायचं ठरलं. आणि बंब गळत होता म्हणून तांबटाकडे दिलाय.

बाबांनी मान्य केलं. फक्त अधूनमधून जेवताना विचारायचे, “तो तांबट बंब दुरुस्त करतोय की नवीन घडवतोय?”

“सणासुदीचे दिवस आहेत. त्यालाही कामं असतात,” आई म्हणायची. आमच्याकडे वर्षभर सणासुदीचेच दिवस होते.

बाबा कचेरीत कारकून, पण जीव सगळा इतिहासात. दर बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, बाजार भरायचा. तिथे गोणपाटावर मांडलेल्या जुन्या लोखंडात ते तासन्‌तास उकिडवे बसत आणि कुणालाच ओळखू न येणारी एखादी वस्तू घेऊन येत. मग घरी तिचं बारसं व्हायचं. एक वाकडी सळई हत्तीचा अंकुश ठरली होती. किल्ली हरवलेलं एक कुलूप कुठल्याशा किल्ल्याच्या दिंडी दरवाजाचं होतं. आई म्हणायची, “आणखी थोडं आणा, म्हणजे आपल्यालाच दरवाजाबाहेर राहावं लागेल.”

नवरात्राच्या तोंडावर एका बुधवारी बाबा आले आणि त्यांनी पिशवीतून पितळेची एक घुमटासारखी वस्तू काढली. वर बोंड, खाली काठ, बाजूला पोचा. पोळी लाटता लाटता आईचा हात थांबला. ते आमच्या बंबाचं झाकण होतं.

मी आणि आईने ते ताबडतोब ओळखलं. बाबांना कसं ओळखू येणार? त्यांच्या आंघोळीचं पाणी जन्मभर बादलीत आयतंच काढलेलं असायचं.

“ओळखा काय आहे ते,” असं म्हणून त्यांनी झाकण डोक्यावर घातलं. “शिरस्त्राण!”

“अगं बाई! शिरस्त्राणच आहे की!” आई म्हणाली.

बाबा चकित होऊन तिच्याकडे बघतच राहिले. एवढ्या संसारात आईला त्यांचं म्हणणं असं एका फटक्यात पटल्याचं मीही कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून पाहणारे यायला लागले. शेजारचे गुरुजी म्हणाले, हा देवळाचा कळस, तो डोक्यावर घालणं पाप आहे. बाबा म्हणाले, कळसाला डोकं घालायला जागा कशाला ठेवतील? गुरुजी रागावून चहा न घेता गेले आणि थोड्या वेळाने चहापुरते परत आले. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने मात्र झाकण उलटंपालटं करून बोटाने वाजवलं. म्हणाला, “काका, आमच्या मोरीत असलंच एक...”

“भजी घ्या ना, गरम आहेत!” आई जवळजवळ ओरडलीच. त्याच्या तोंडात भजं गेलं आणि आमची अब्रू वाचली.

एकदा शिरस्त्राण म्हटल्यावर आईला माघार घेता येईना. बाबा संध्याकाळी लढाया सांगत आणि ती हनुवटीवर हात ठेवून ऐके. शंकाही विचारी. “अहो, उन्हात हे तापत नसेल का?” बाबा रंगून उत्तर देत. गंमत म्हणजे, त्या बुधवारपासून त्यांनी तांबटाची चौकशीच बंद केली. आम्ही मनातल्या मनात शिरस्त्राणाचे आभार मानले.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. अडकित्ता, विळी, माझा कंपास आणि मधोमध झाकण. आपल्या सासूच्या बंबाच्या झाकणाला आईने कुंकू लावलं, झेंडू वाहिला. मला हसू आवरेना, म्हणून मी आरतीत मोठ्याने ओरडत राहिले.

खरी धास्ती दसऱ्याची होती. पिंपळगाव बसवंतहून आत्या येणार होती, म्हणजे बाबांची धाकटी बहीण. ती त्या बंबाच्या पाण्याने वाढलेली. झाकण लपवावं म्हणून आई सकाळपासून संधी शोधत होती, पण दाराची कडी वाजली तेव्हा झाकण बाबांच्या डोक्यावर होतं आणि दार त्यांनीच उघडलं.

आत्याने ते काढून हातात घेतलं. पोच्यावरून बोट फिरवलं. मग आईच्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग फळीवरच्या डब्यांच्या रांगेकडे.

“दादा,” ती म्हणाली, “लय जुनं हाय रे हे. लढाईतलंच असणार.”

स्वयंपाकघरात गेल्यावर तिने आवाज खाली आणला. “वहिनी, मीबी सासूबाईंचं घंगाळ मोडीत घातलं. पण तुम्हाला एवढे डबे मिळाले? मला मेल्यानं नुसती परात दिली!” आई पदर तोंडात कोंबून हसली. हसता हसता रडलीही.

बाबा निवृत्त झाले त्या वर्षी मी माहेरपणाला आले होते. झाकण घासताना वाटलं, आता सांगून टाकावं.

“बाबा, हे शिरस्त्राण...”

“बंबाचं झाकण,” बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले. “तो पोचा तुझ्या आत्याने लाटण्याने पाडलाय. लहानपणी मी हे घालून तिच्यावर स्वारी करायचो. बाजारात लांबूनच ओळखलं होतं.”

माझा हात थांबला. “मग बोलला का नाहीत?”

“बोलणारच होतो. तुझ्या आईला कोंडीत पकडायचं म्हणूनच डोक्यावर घातलं. तर ती म्हणाली, शिरस्त्राणच आहे. आणि रोज समोर येऊन बसायला लागली.” त्यांनी पेपर दुमडला. “इतकी वर्षं माझं कुणी ऐकलं नव्हतं गं. म्हटलं, जाऊ दे बंब.”

तेवढ्यात आतून आईची हाक आली. “अहो, चहा झालाय. या लवकर, कालची लढाई अर्धीच राहिलीय.”